चोरीला गेलेला स्पीडब्रेकर

"गुन्हेगाराच्या मनात विचार यायच्या आधी तो माझ्या मनात येतो," अशी हिंमतराव स्वतःची ओळख करून देत, आणि ऐकणारा नकळत खिसा चाचपे. मोबाईलवर गुन्हेशास्त्राचा कोर्स केल्यापासून उमरग्यात आपल्या तोडीचा एकही चोर उरला नाही, याची त्यांना खंत होती. सिद्धाराम शिंपी त्यांचा सहायक. मेंदू हिंमतरावांचा, टेप सिद्धारामचा.

सोनारीची जत्रा करून गल्ली परतली, तर रस्ता नवाकोरा, काळाभोर. पण त्यावरचा स्पीडब्रेकर गायब! गाड्या सुसाट सुटलेल्या.

डांबरवाला मुकादम म्हणाला, "आमी त्याला हातबी लावला न्हाय."

"म्हणजे चोरी!" हिंमतराव गरजले. "शास्त्र सांगतं, गुन्ह्याला तीन गोष्टी लागतात. इच्छुक चोर, मोहात पाडणारा माल आणि गैरहजर राखणदार."

"पण साहेब, स्पीडब्रेकरचा कुणाला मोह पडंल?" सिद्धारामनं विचारलं.

"आवड ज्याची त्याची."

दुसरा सिद्धांत असा, की फुटकी खिडकी दिसली की गुन्हे वाढतात. गल्लीत तशी खिडकी सापडेना, म्हणून हिंमतरावांनी अभ्यासासाठी स्वतःचीच फोडली. गुन्हे वाढले नाहीत, डास वाढले.

मग जन्मजात गुन्हेगाराचे कान मोठे असतात, हे त्यांना आठवलं. सिद्धारामनं अख्ख्या गल्लीचे कान मोजले. सगळ्यांत मोठे निघाले महांतप्पा दूधवाल्याचे. त्यात त्या उंचवट्यावर त्याचं दूध रोज हिंदकळून सांडायचं, हेतूही सापडला!

सिद्धारामनं टेप गुंडाळून खिशात घातला. महांतप्पा त्याचा व्याही.

"साहेब, माझी महेश्वरी नांदतीय त्या घरात."

"वा! घरातच खबरी!"

संध्याकाळपर्यंत गल्लीनं महांतप्पाचं दूध बंद केलं. महेश्वरीचा फोन आला, "अप्पा, मामंजी जेवले न्हाईत. आरशात कान बघत बसलेत."

सकाळी हिंमतराव रस्त्यावरच ठाण मांडून बसले. गुन्हेगार घटनास्थळी परततो म्हणे. शेजारच्या घरातून कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकत वर आल्या.

"काय हुडकायलात?"

"स्पीडब्रेकर."

"तुमच्या बुडाखाली हाय की! जत्रंआधी मी पायरी चढून घरात जायची, आता उतरून जाते. जुना रस्ता न उकरता वर डांबर वतलंय. रस्ताच त्याच्यायेवढा उंच झालाय, बाबा."

सिद्धारामनं पहार आणून तिथं खणलं. खाली स्पीडब्रेकर सुखरूप होता. त्याच्याही खाली आणखी एक निघाला.

सगळी गल्ली हिंमतरावांकडं बघू लागली. त्यांनी शांतपणे मिशी पुसली.

"याला म्हणतात न नोंदवलेला गुन्हा. गेला एक, सापडले दोन!"

टाळ्यांसाठी सिद्धाराम थांबला नाही. तो थेट व्याह्याच्या दारात जाऊन उभा राहिला. महांतप्पानं पाट सरकवला, परात पुढं केली.

"बसा, व्याही. दूध कुणी घेईना, मग सगळं आटवून खवा केला. खावा."

पहिलाच घास सिद्धारामच्या घशात अडकला. डोळ्यांत पाणी आलं.

"पाणी आण गं, महेश्वरी," महांतप्पा म्हणाला, "तुझ्या अप्पाला गोड सोसंना."