शेजाऱ्याला न विचारलेला प्रश्न

स्कारविक बंदराच्या धक्क्याला बोट लावणं म्हणजे तोर्स्टाइनच्या मते डाव्या हातचा मळ. "मी मारलेली गाठ वादळालाही सुटायची नाही," असं त्याने आदल्या संध्याकाळी सासऱ्यांना ऐकवलंही होतं. सासरे हाल्वार, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, आणि बोट त्यांचीच. या सफरीत जावयाने घोळ घातला नाही, तर सुकाणू कायमचं त्याच्या हाती द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

धक्का भरलेला होता, म्हणून रीतीप्रमाणे त्याने एका निळ्या बोटीच्या कडेला आपली बोट बांधली. अशा वेळी धक्क्यालगतच्या आतल्या बोटवाल्यांना एकच प्रश्न विचारायचा असतो, सकाळी कधी निघणार? कारण ते निघाले की बाहेरच्या बोटीला हलावंच लागतं.

"विचारलंस का त्यांना?" बायको इंगुन म्हणाली.

"सुट्टीवर आलेली माणसं दहाच्या आत कसली उठतायत."

सकाळी आठला हाल्वार बोटीत घोरत होते. कानातलं यंत्र काढून झोपले की उशाशी तोफ डागली तरी हा माणूस कूस बदलत नाही. नवरा-बायको बंदराच्या न्हाणीघरात आंघोळीला गेली.

तोर्स्टाइनने डोक्याला साबण लावला आणि खिडकीतला उजेडच गेला. बाहेर बघतो तर पंधरा मजली क्रूझ जहाज शेजारच्या धक्क्याला लागत होतं. जहाजाखालचं पाणी खदखदत होतं. आणि त्यांच्या बोटीच्या जागी? काही नाही. निळीही नाही, त्यांचीही नाही.

विजार चढवून, साबणासकट, एकाच पायात चप्पल घालून तो धावला. तोवर जहाजासाठी कुंपण लागलं होतं आणि फाटकात एक पहारेकरीण उभी होती.

"आत सोडा, माझे सासरे झोपलेत!"

"कुठल्या केबिनमध्ये?"

"पुढच्या."

"मजला कितवा?"

"मजला कसला, बाई? आमची बोट सगळी मिळून नऊ मीटर आहे."

"मग ओळखपत्र लागेल," ती शांतपणे म्हणाली.

तो कुंपणाच्या कडेकडेने पाण्यापाशी गेला. फेसात एक टोपी तरंगत होती. लाल गोंड्याची, इंगुनने विणलेली. हाल्वारांची. आता इंगुनला काय तोंड दाखवू? एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याने उडी मारली.

पाणी असं गार की श्वासच अडकला. जहाजाच्या बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या; पाहुण्यांना वाटलं, गावाने स्वागताचा कार्यक्रम ठेवलाय. त्याने टोपी धरली. खाली डोकं नव्हतं. तेव्हा मात्र त्याला रडूच फुटलं.

तेवढ्यात कुणीतरी विजारीच्या पट्ट्यात आकडा अडकवून त्याला बोटीत ओढलं.

"टोपी आणलीस, बरं झालं," हाल्वार म्हणाले. "वाऱ्याने उडाली होती."

बोट पलीकडे, धक्क्याच्या वळणाआड एका जुनाट मासेमारी बोटीला बांधलेली होती. इंगुन आत बसून दालचिनीचा पाव खात होती. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर तिने बंदरमास्तरांना विचारलं होतं, बोट कुठंय. बस, एवढंच.

"निळ्या बोटीवाल्या बाईंना जहाजाच्या आधी निघायचं होतं," हाल्वार म्हणाले. "बिचारीने मला गदागदा हलवून उठवलं, मग आपली बोट इथे आणून बांधली."

"पण माझी गाठ?" तोर्स्टाइनचे दात वाजत होते.

"एका हाताने सोडली तिने. दुसऱ्या हातात कॉफी होती."

तोर्स्टाइन ओलाचिंब तसाच उठला, मासेमारी बोटीवर जाळं विणत बसलेल्या आजीबाईंपुढे उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "आपण उद्या सकाळी किती वाजता निघणार?"

आजीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अकरा वर्षं झाली बाबा, हिला इंजिनच नाही."

हाल्वारांनी टोपी पिळून डोक्यावर घातली आणि ते स्वतःच सुकाणूपाशी जाऊन बसले.