बहुधा मोंडो

मागच्या रविवारी कुंडीतल्या सगळ्यात बाहेरच्या पानाची लांबी अकरा सेंटीमीटर दोन मिलीमीटर होती. त्याच्या आधीच्या रविवारी तेवढीच होती, त्याच्याही आधीच्या रविवारी तेवढीच. सुधाताई गेली दोन वर्षं दर रविवारी पट्टी लावून ती वहीत लिहीत होत्या. गवतासारखं, बुटकं, बारा महिने हिरवं असं ते रोप विकताना रोपवाटिकेतला माणूस "मोंडो गवत" म्हणाला होता. पण फूल पाहिल्याशिवाय नाव नक्की करायचं नाही, हा तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंचा नियम. म्हणून कुंडीतल्या पाटीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बहुधा मोंडो'.

या रविवारी त्या पट्टी घेऊन मागच्या व्हरांड्यात आल्या, तेव्हा कुंडीत माती होती, पाटी होती. रोप नव्हतं.

आत नारायणराव आणि अंथुर्ण्याहून आलेले त्यांचे थोरले भाऊ दत्तोबा नुकताच चहा पिऊन बसले होते. नारायणराव निवृत्त झाले होते आणि महिनाअखेर वालचंदनगरची ही क्वार्टर सोडायची होती. बारामतीत मुलीनं फ्लॅट बघून ठेवला होता, आणि गावी, अंथुर्ण्यात, दत्तोबा आपल्या घराला लागून खोल्या काढून द्यायला तयार होते. सुधाताई म्हणाल्या होत्या, "मला दोन्हीकडे चालेल, पण एकदाचं ठरवा." त्याला आठ महिने झाले होते.

"उद्या गवंडी येतोय," दत्तोबा तिसऱ्यांदा म्हणाले. "तुमच्यासाठी दोन खोल्या काढू, का त्या जागंवर कांद्याची चाळ बांधू? येवढंच सांग."

"बघू," नारायणरावही तिसऱ्यांदा म्हणाले.

"चहा कुणी केला?" सुधाताईंनी दारातून विचारलं.

"शकूनं. गवती चहा घालून. झ्याक झालता."

"आपल्या घरात गवती चहा नाही."

तिघांनी एकाच वेळी रिकाम्या कपांकडे पाहिलं. दत्तोबांच्या बायको शकुबाई चहा करून दोन गल्ल्या पलीकडे गावाकडच्या ओळखीच्या कुशाबाईंना भेटायला गेल्या होत्या. फोन लावला, तर तो त्यांच्याच पिशवीत, सोफ्यावर वाजला.

"व्हरांड्यातलं गवत उपटलंय," सुधाताई म्हणाल्या.

"मग आमी ते प्यालो?" दत्तोबांचा हात गळ्याकडे गेला. "इखारी हाय का काय?"

"मोंडो असेल तर घाबरण्यासारखं नाही."

"मग हाय का न्हाय मोंडो?"

"बहुधा."

"बहुधा म्हंजी?"

"फूल आलेलं नाही, भाऊजी."

सुधाताईंनी गाळणीतला चोथा बशीत काढला. त्यात हिरवे तुकडे होते, पण इतके उकळलेले की कशाचेही असू शकले असते.

"वास कसला होता?" त्यांनी विचारलं.

"गवताचा," दत्तोबा म्हणाले.

"मला आल्याचा वाटला," नारायणराव म्हणाले.

"आलं घातलंच नव्हतं. डबी रिकामी आहे."

"माझी जीभ जड झाली," असं अगदी स्पष्ट सांगून दत्तोबा आडवे झाले. सुधाताईंनी वहीत वेळ लिहिली आणि नवऱ्याला भावाची नाडी मोजायला बसवलं.

"नारायणा, शेवटचा चहा भावाच्या घरी प्यालो. चांगलं झालं."

नारायणराव मनगट धरून बसले. मिनिट झालं.

"किती?" सुधाताईंनी विचारलं.

"मोजायचं राहिलं," नारायणराव म्हणाले. पण त्यांनी हात सोडला नाही.

तेवढ्यात शकुबाई आल्या. "हे असं का निजलंय?"

"तू कुंडीतलं काय पाजलंस मला?"

"कुंडीतलं? माझ्या परड्यातला गवती चहा आणलाय की पिशवीतनं! ते कुंडीतलं लव्हाळं. उसात खुरपून कमरंचा काटा ढिला झाला आन् हितं हिनं कुंडीत जपलंय! मुळ्यांना गाठी बी हायत बघ. परत मातीला लागू नये म्हणून भिंतीवर वाळत टाकलंय."

दत्तोबांची जीभ हलकी झाली. "म्हणलं न्हवतं, झ्याक झालता?"

सुधाताई मागच्या भिंतीकडे धावल्या. गड्डा उलटा पडला होता, मुळं वर, पानं खाली. पानांच्या बुडाशी, जिथं पट्टी कधी पोचली नव्हती, तिथं गर्द निळे दोन मणी लोंबत होते.

"फळ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे फूल येऊन गेलं. पानांच्या आड. आणि मी लांबी मोजत बसले."

त्यांनी रबरानं पाटीवरचं 'बहुधा' खोडलं.

"नाव ठरलं," दत्तोबा म्हणाले. "आता लावायचं कुठं? परत कुंडीत?"

"कुंडीत ते दोन वर्षांत मिलीमीटरभर वाढलं नाही. त्याला सावली लागते, ओल लागते, मोकळी माती लागते." सुधाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

नारायणरावांनी तोंड उघडलं. काय ऐकू येणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शकुबाई तर कप उचलायला वळल्याही.

"दादा, तुझ्या न्हाणीमागं, आंब्याखाली," नारायणराव म्हणाले. "गवंड्याला सांग, दोन खोल्या काढ आणि भिंतीच्या कडेनं याच्यासाठी वीतभर माती सोड."