चौथ्या मजल्यावरचा समुद्र

चौथा मजला

फेस यंत्राच्या पेल्यातून वर आला, त्यानं झाकण उचललं, आणि झाकणावर बसवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट हळूच एका कुशीवर कललं. लिआव चिन-फा सकाळचा चहा हातात धरून हे बघत होते. नुसत्या फेसाचं त्यांनी बघून घेतलं असतं. पाकीट कललं तेव्हा मात्र चहा हिंदकळला.

यंत्र बिघडतं, माणूस ते दुरुस्त करतो, त्यात विशेष काही नाही. पण डोक्यावर हिरवं पाकीट असताना यंत्र बिघडलं तर माणसानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? लिआवनी बंदरातल्या क्रेनवर जन्म काढला होता. तिथे प्रत्येक केबिनमध्ये हे पाकीट असे. नारळाच्या चवीचं, हिरवंच, आणि नावाचाच अर्थ 'गुणी राहा', म्हणून ते जवळ असलं की यंत्र गुणी राहतं. फोडायचं नाही, खायचं नाही, वरची तारीख उलटू द्यायची नाही. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं. इस्पितळात, बँकेत, सिग्नलच्या खोलीत, सगळीकडे हाच नेम. निवृत्त झाल्यावर लिआवनी बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्र मांडला आणि त्यातल्या सगळ्यात नाजूक जागी, म्हणजे फेसयंत्राच्या डोक्यावर, पाकीट ठेवलं.

फेसयंत्राचं काम तसं साधं. खाऱ्या पाण्यात बारीक हवा घुसळायची. माशांची घाण बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन वर चढते, आणि वरच्या पेल्यात काळ्या चहासारखं काहीतरी जमतं. ते ओतून टाकायचं, की पाणी स्वच्छ. एरवी दिवसाकाठी घोटभर जमायचं. आज पेला भरून वाहत होता आणि फेस पांढराशुभ्र होता, नुकत्याच ओतलेल्या बिअरसारखा.

"गुणी राहा रे बाळा," लिआव म्हणाले.

यंत्र गुणी राहिलं नाही.

पाओ-चू, म्हणजे लिआवबाई, बाजारात गेल्या होत्या. याआधी दोनदा जमिनीवर समुद्र आला होता. दुसऱ्या वेळी त्या ओरडल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. टॉवेल पिळता पिळता त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "पुन्हा जमिनीवर खारं पाणी दिसलं, तर टाकी आ-क्वेईकडे जाईल. माशांसकट."

आ-क्वेई त्यांचा धाकटा भाऊ. बंदरावर त्याचं मासळीचं हॉटेल होतं. दाराशी टाक्या मांडलेल्या. गिऱ्हाईक काचेवर बोट ठेवून दाखवतं, आ-क्वेई जाळी घालतो, आणि थोड्या वेळानं तोच मासा आल्याच्या कापांखाली वाफाळत टेबलावर येतो. लिआवांच्या टाकीत एक पिवळा मासा होता. त्याला ते 'साहेब' म्हणत. काचेला कुणी बोट लावलं की साहेब जिथे असतील तिथून धावत यायचे. घरी याचं फार कौतुक होतं. आ-क्वेईच्या दाराशी ही सवय साहेबांच्या जिवावर बेतली असती.

आणि आज आ-क्वेई जेवायला येणार होता. दर वेळी यायचा तसाच, खिशात मोजपट्टी घेऊन.

लिआवनी पेला रिकामा केला. तो भरला. पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. शेवटी त्यांनी यंत्राचं बटणच बंद केलं, आणि इथे चुकले. यंत्र थांबलं की त्याच्या पोटातलं पाणी टाकीखालच्या कपाटातल्या पेटीत उतरतं. ती पेटी काठोकाठ भरलेली होती. उद्या पुन्हा भरायला नको, असा शहाणपणाचा विचार करून कालच त्यांनी स्वतः ती भरून ठेवली होती.

समुद्र कपाटाच्या फटीतून बाहेर आला, जरा थबकला, आणि सोफ्याखाली गेला.

मध्ये

चौथ्या मजल्याची जमीन आणि तिसऱ्या मजल्याचं छत यांच्यात एक भेग आहे. इमारत उभी राहिली तेव्हापासून आहे. पाण्याला ती पाठ आहे.

पुन्हा चौथा मजला

लिआव डगमगले नाहीत, कारण हे कीलुंग होतं. या गावात ओली जमीन ही काही बातमी नव्हे. इथे भिंती ओल्या असतात, उशा ओल्या असतात, पाहुणे येताना ओले असतात आणि जाताना अधिक ओले. खिडकी उघडी राहिली, पाऊस आत आला, एवढं म्हटलं की संपलं. या गावात खोटं बोलायला पावसाइतका विश्वासू साक्षीदार नाही.

त्यांनी टॉवेल टाकले. टॉवेल संपले तेव्हा देवळाच्या उत्सवात फुकट मिळालेले सदरे टाकले. सदरे संपले तेव्हा स्वतःचा पायजमा टाकला आणि दुसरा चढवला. सोफ्याखालचं पाणी टिपून झालं. खिडकीजवळचं थोडं त्यांनी मुद्दाम राहू दिलं, खरं वाटावं म्हणून. मग साक्षीदाराला आत बोलवायला त्यांनी खिडकी सताड उघडली.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

कितीतरी दिवसांनी पडलं होतं. समोरच्या इमारतीच्या बाल्कन्यांत गाद्या, रजया, बूट, वाळवायचं ते सगळं बाहेर आलं होतं. एका बाल्कनीत एका आजोबांनाही खुर्चीसकट बाहेर मांडून ठेवलं होतं. लिआवनी खिडकी लावून घेतली.

तिसरा मजला

हे लिआवना नंतर कळलं, चानबाईंच्या तोंडून, आणि पुढे अनेकदा कळत राहिलं.

खाली राहणाऱ्या चानबाईंचं छत वर्षभर गळायचं. कुठे बादली ठेवायची, कुठे पातेलं, हे ठरलेलं होतं. आज गळलं ते नव्याच जागी, टीव्हीच्या बरोब्बर वर. तेही बाहेर ऊन असताना. चानबाईंनी खाली वाडगा धरला, थोडं जमू दिलं, मग बोट बुडवून चाटलं.

मग त्यांनी चपला घातल्या.

चौथा मजला, जेवणाच्या वेळी

पाओ-चू मिटलेली छत्री, बांबूचे कोंब आणि शिंपल्यांची पिशवी घेऊन आत आल्या. मागोमाग आ-क्वेई. त्यानं 'दाजी, बरं आहे ना' एवढं विचारलं आणि टाकीच्या लांबीकडे बघितलं.

पाओ-चूंनी खिडकीजवळच्या ओलीकडे बघितलं. लिआव म्हणाले, खिडकी उघडी राहिली, पाऊस आत आला. कुठला पाऊस, असं त्यांनी विचारलं. रात्रीचा, असं लिआवनी सांगितलं. रात्री खिडकी आपण स्वतः लावली होती, असं त्या म्हणणार तोच दारावरची घंटा वाजली.

चानबाईंनी वाडगा जेवणाच्या टेबलावर ठेवला, पाहुण्यांपुढे सूप ठेवावं तसा, आणि म्हणाल्या, "चाखून बघा."

पाओ-चूंनी बोट बुडवून चाटलं आणि वाडगा नवऱ्यापुढे सरकवला. लिआवनाही चाखावं लागलं. जरा अळणीच आहे, असं त्यांचं मत पडलं. मग वाडगा आ-क्वेईपुढे गेला. त्याचं आयुष्य खाऱ्या पाण्यावर चाललेलं. त्यानं चमचा मागून घेतला, पाणी जिभेवर घोळवलं आणि डोळे मिटले.

"मीठ एकदम बरोबर आहे, दाजी. माझ्या टाक्यांत इतकं कधी जमलं नाही." मग त्याची जीभ पुन्हा हलली. "पण यात साबण आहे. भांड्यांचा. लिंबाच्या वासाचा."

साबणाचा थेंब जरी पडला तरी फेसयंत्राला वेड लागतं, असं त्यानं सांगितलं. त्याच्या हॉटेलात एकदा तसं झालं होतं, आणि खेकडे ढगात बसल्यासारखे दिसत होते. गिऱ्हाइकांना आवडलं होतं. माशांना काही होत नाही, थोडं पाणी बदललं की ठीक. "पण साबण घातला कुणी?"

पाओ-चू शिंपल्यांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हा चानबाईंचा आवाज जरा खाली आला.

"मी ते जुनं हिरवं पाकीट खाल्लं म्हणून तर नाही ना झालं हे? काल पाओ-चूनंच दिलं होतं. तारीख उलटलेली होती, पण टाकवेना."

लिआवनी टाकीकडे मान वळवली. यंत्रावरचं हिरवं पाकीट कोरं करकरीत होतं. त्याखालचं झाकण चकाकत होतं. त्यावरची मिठाची पांढरी खपली, बोटांचे डाग, इतक्या दिवसांचा चिकटा, काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. एखाद्यानं देवाची मूर्ती बदलताना देव्हारा आधी घासून घ्यावा, तसं ते झाकण घासलेलं होतं.

पाओ-चू आत पाठ फिरवून शिंपले धूत होत्या, गरजेपेक्षा फारच जोरानं. शेजारी लिंबाच्या साबणाची बाटली होती.

ज्या बाईला टाकी नको आहे, ती पाकिटाची तारीख उलटू देते आणि गप्प बसते. पाओ-चूंनी मात्र ते बदललं होतं, तेही झाकण साबणानं घासून.

"साबण माझ्या हाताला होता," ते म्हणाले. "भांडी घासली आणि हात तसाच पाण्यात घातला."

"तुम्ही भांडी घासता?" आ-क्वेईनं विचारलं.

चानबाईंनीही लिआवांकडे बघितलं. या घरातल्या भांड्यांचा आवाज त्यांना खाली ऐकू येई, आणि ती कोण घासतं हे त्यांना ठाऊक होतं.

"घासतो," लिआव म्हणाले.

आ-क्वेईनं यावर वाद घातला नाही. त्यानं खिशातून मोजपट्टी काढली. "मग ताई, ठरल्याप्रमाणे..."

"काय ठरलं होतं?" आतून आवाज आला.

"जमिनीवर खारं पाणी दिसलं तर टाकी माझ्याकडे."

"पाणी कुठे दिसलं? फेस होता तो."

"आणि चानबाईंच्या टीव्हीवर गळतंय ते?"

"तो पाऊस." पाओ-चू हात पुशीत दारात आल्या. "कीलुंग आहे हे. गळतंच."

चानबाईंनी वाडगा थोडा उचलून दाखवला. "हा खारट आहे, पाओ-चू."

"समुद्र जवळच आहे ना. बसा जेवायला, शिंपले तुळशीची पानं घालून करतेय. आणि आमच्या म्हाताऱ्या माकडानं भांडी घासायला सुरुवात केलीय, तेव्हा भांड्यांची काळजी नको. रोजच तेच घासणार आहेत."

चानबाईंनी खिडकीतून आत आलेल्या उन्हाकडे बघितलं, मग शिंपल्यांकडे बघितलं, आणि खुर्ची ओढली. आ-क्वेईनं मोजपट्टी काढलीच होती म्हणून टेबल मोजलं. टाकीच्या काचेवर त्यानं सहज एक बोट टेकवलं, तर साहेब धावत आले.

"बोट काढ," त्याची ताई म्हणाली.

समोरच्या बाल्कनीत कुणीतरी बाहेर आलं, रजई उलटी केली, आणि मग आजोबांची खुर्चीही दुसऱ्या बाजूला फिरवली.