कडू दुधीवरचा गोड शेरा

१९७९ सालच्या जानेवारीत आमच्या कार्यालयातील सर्व बावीस कर्मचाऱ्यांची प्रकृती समाधानकारक होती. ही बाब साहेबांच्या निदर्शनास आली आणि त्यांनी तातडीने लक्ष घालायचं ठरवलं.

साहेब म्हणजे केशवराव मुळावकर. दहा दिवसांच्या निसर्गोपचार शिबिरातून ते नुकतेच परतले होते. तिथे त्यांचं चार किलो वजन उतरलं होतं, आणि ते एकट्याचंच उतरावं हे त्यांना सहन होत नव्हतं. एका दुपारी दोन वाजता ते हातात घड्याळ घेऊन बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे उन्हात भिंतीला टेकून संत्री सोलत होतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या प्रत्येक कचेरीत त्या मोसमात त्या वेळी हेच चालतं.

"एक संत्रं खायला सात मिनिटं," साहेब म्हणाले. "रस अर्ध्या मिनिटात पिऊन होतो. बावीस माणसांमागे शासनाची रोज दोन तास तेवीस मिनिटं वाया जातात. रुपराव, फळं-भाज्यांच्या रसाचे फायदे-तोटे यावर टिपणी सादर करा."

रुपराव म्हणजे मी. वरिष्ठ लिपिक. हेडक्लार्कची जागा तेव्हा रिकामी होती आणि टिपणी सुवाच्य अक्षरात लिहिणारा कार्यालयात मी एकटाच होतो. या दोन गोष्टींचा संबंध फक्त मलाच दिसत होता.

मी प्रामाणिकपणे दोन रकाने आखले. फायदे अकरा निघाले. तोटे तीन: चोथा वाया जातो, पोट भरत नाही, यंत्र धुवावं लागतं. साहेबांनी तिन्ही तोटे लाल शाईने खोडले.

"मग रकानाच काढून टाकू का, साहेब?"

"छे! रकाना ठेवा, पण रिकामा ठेवा. त्यातून निःपक्षपातीपणा दिसतो."

रिकामा रकाना समोर आणि भरलेला शेजारी असला की माणसाला चेव येतो. मी फायदे अकराचे अठरा केले. त्यातला सातवा मुद्दा मला अजून पाठ आहे, कारण तो मी कुठेही न वाचता लिहिला होता: 'रसाचा कडूपणा हा त्याच्या औषधी गुणाचा पुरावा होय.' साहेबांनी त्याच्याखाली रेघ मारून समासात 'सुंदर' असं लिहिलं. ती टिपणी घरी नेऊन मी बायकोला, प्रेमिलाला, वाचून दाखवली.

"मंग दात काय दसऱ्याले दाखवाले ठेवाचे काय?" ती म्हणाली आणि भाकरी वाढायला लागली.

लवकरच परिपत्रक निघालं. कार्यालयीन वेळेत व आवारात फळे चावण्यास मनाई झाली. रसाचं यंत्र घेण्याची तरतूद कुठल्याच शीर्षाखाली नव्हती, म्हणून ते 'शाई ढवळण्याचे यंत्र' या नावाने आलं. रोज पावणेअकराला प्रत्येकाच्या टेबलावर पेला येऊ लागला. तो रिकामा केल्याशिवाय हजेरीपटावर सही करता येत नसे. यंत्र धुवायला कवडूला रोज अडीच तास लागत. पण कवडू शिपाई असल्यामुळे त्याचा वेळ वाया जाणाऱ्या वेळात धरलेला नव्हता.

कवडू अठ्ठावन्नाला दोन वर्षं कमी असलेला, उंच, काटक माणूस. परिपत्रकात रस 'कर्मचाऱ्यांस' होता. शिपाई त्यात मोडतात की नाही याबद्दल वर विचारणा केली होती आणि उत्तर यायचं होतं. तोवर कवडू चोथा घरी न्यायचा. थोडा शेळीला घालायचा, थोडा तिखट-मीठ लावून स्वतः खायचा. एप्रिलपर्यंत आमचे गाल बसले आणि ते दोघं चमकायला लागले.

एप्रिलमध्ये संत्री संपली आणि दुधी सुरू झाला. दुधी साहेबांच्या बंगल्यामागच्या मांडवावरचे होते. स्वतः साहेब मात्र मोसंबीचा रस घेत, कारण अधिकाऱ्यांची प्रकृती निराळी असते. तो टिपणीतला पंधरावा मुद्दा होता आणि तोही माझाच.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी कवडू दुधीची फोड घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"बाबूजी, हे चाखून पाहा बरं."

मी फोड जिभेला लावली. कडवटपणा थेट कानापर्यंत गेला.

"आज रस काढाले लावू नका जी," तो म्हणाला. "कडू दुधी आमच्या गावात ढोरालेही देत नाही. माणूस मरते यानं."

मी ताबडतोब उठलो. हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवण्यासारखं आहे. साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "साहेब, आजचा दुधी जरासा कडू…"

साहेबांनी मान वर केली. "आमच्या मांडवावरचा?"

"होय साहेब."

"तुमचाच सातवा मुद्दा काय म्हणतो?"

मी सातवा मुद्दा म्हणून दाखवला. एकही शब्द चुकला नाही. बाहेर येऊन कवडूला म्हणालो, "काढ."

पेले वाटले गेले. माझा मी खिडकीतल्या कुंडीत ओतला. शेजारच्या टेबलावर शोभाताई होत्या, आमच्या टंकलेखिका. नोकरीला लागून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं आणि कार्यालयात त्या फक्त मलाच काही विचारत. एक घोट घेऊन त्या थांबल्या.

"रुपरावजी, लय कडू लागून राहिलं हो. पिऊ का?"

साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं.

"प्या," मी म्हणालो. "गुणकारी असते."

त्यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला.

साडेअकराला पहिली उलटी झाली. बारापर्यंत स्वच्छतागृहापुढे रांग लागली. तिथल्या किल्लीच्या नोंदवहीत सही केल्याशिवाय किल्ली मिळत नसे आणि सही करण्याइतका धीर कुणालाच निघत नव्हता. साहेब दारात येऊन म्हणाले, "घाबरू नका, शुद्धी होते आहे." एक वाजता शोभाताईंची शुद्धी गेली. त्यांना रक्ताची उलटी झाली होती. कवडूने त्यांना पाठीवर घेतलं, बाहेर पळत जाऊन रिक्षा धरली आणि दवाखान्यात नेलं. बाकीच्यांना मागाहून नेलं. मी कुशीवर पडून कण्हत होतो, कारण एकट्यानेच ठणठणीत असणं बरं दिसलं नसतं.

शोभाताई सहा दिवसांनी शुद्धीत, अकरा दिवसांनी घरी आणि महिन्याने कामावर आल्या. दरम्यान वरून विचारणा झाली आणि चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष साहेब, सचिव मी. दुधीवर ठपका ठेवता येत नव्हता, कारण त्याचा मांडव कुणाचा हे सर्वांना माहीत होतं. यंत्रावरही ठेवता येत नव्हता; कागदोपत्री ते शाई ढवळत होतं. उरला कवडू. संपूर्ण कार्यालय आडवं असताना हा एकटाच उभा होता, ही बाब समितीला संशयास्पद वाटली.

"दुधी कडू आहे हे तुला ठाऊक होतं?" साहेबांनी विचारलं.

"हो जी."

"मग कोणाला सांगितलंस?"

कवडूने माझ्याकडे पाहिलं. "बाबूजीले सांगतलं ना जी."

जबाब मी लिहून घेत होतो. साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. मी वीस वर्षांची सेवा पणाला लावून एक वाक्य तयार केलं: 'सदर शिपायाने ही बाब सक्षम प्राधिकाऱ्यास लेखी कळविल्याचे आढळून येत नाही.' यात एक अक्षर खोटं नाही. कवडूला लिहिता येत नव्हतं.

अहवाल शोभाताईंनीच टंकलिखित केला. त्या वाक्यापाशी त्यांची बोटं थांबली.

"हे असंच टाकू, रुपरावजी?"

"टाका."

त्यांनी पाच प्रती काढल्या. एकही चूक नव्हती. त्यानंतर त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. अहवालावर सगळ्यांनी सह्या केल्या, शोभाताईंनीही. मी हेडक्लार्क झालो.

कवडूची बदली सावनेरला झाली. घर नागपुरात, बायको भीमाबाई डोळ्यांनी अधू, तिला विहिरीवर हात धरून न्यावं लागे. बदली रद्द करण्याचा त्याचा अर्ज मीच लिहून दिला आणि मीच नियमानुसार नामंजुरीसाठी ठेवला.

निरोपाच्या दिवशी आम्ही त्याला नारळ आणि टोपी दिली. साहेबांनी छोटंसं भाषण केलं. वातावरण जरा जड झालं होतं, म्हणून शेवटी ते म्हणाले, "बरं, सांगा पाहू, आपल्या कवडूतला 'व' गाळला तर गाळणीत काय उरतं?"

क्षणभर कुणाला कळेना. मग मीच ओरडलो, "कडू!"

सगळं कार्यालय खो खो हसलं. सगळे हसतायत म्हणून कवडूही टोपी सावरत हसला.

विनोद तसा चांगला होता. आत्ता तुम्हालाही हसू आलंच की.