खरात साहेबांचा पिवळा रुमाल

आमच्या भोकरदनच्या स्टँडवर एसटीत जागा धरायची रीत सगळ्यांना माहीत आहे. बस फलाटाला लागली की खिडकीतून आत रुमाल फेकायचा. ज्याचा रुमाल त्याची सीट. मग तो आरामात चढतो, नि रुमाल उचलून बसतो. खरात साहेब मात्र रुमाल फेकतात तो जागेसाठी नव्हे. कोणी नियम मोडला की फेकतात.

रुमाल पिवळाधमक. एका कोपऱ्यात चिंचोके बांधून गाठ मारलेली, म्हणजे लांब जातो. एकदा जालन्याच्या बसपाशी रांग मोडून एकजण खिडकीकडे धावला आणि त्यानं आपला पांढरा रुमाल आत टाकला. खरात साहेबांनी लगेच पिवळा फेकला. तो नेमका त्याच खिडकीतून आत गेला आणि शेजारच्या सीटवर पडला. साहेब दारातून चढले ते रुमाल आणायला. मागून लोंढा आला, उतरायला वाव नाही. कंडक्टर म्हणाला, "बसा साहेब, तुमची जागा झाली ना." साहेब वाटेतल्या राजूरला उतरून परत आले. तिकिटाचं दुःख नव्हतं. "दंड द्यायला गेलतो अन् लोकांनी मलाच आरोपी धरलं," एवढंच म्हणत होते.

खरात साहेब माझे शेजारी. भूमिअभिलेखच्या कचेरीत मोजणीदार होते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरची भांडणं पाहिली, रिटायर झाले. माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि दुकानात एक जास्तीची खुर्ची ठेवायची चूक मी केली. तेव्हापासून ते रोज येतात.

ह्या रुमालाचं मूळ अमेरिकेत आहे. त्यांची मुलगी तिकडे असते. तिच्या बाळंतपणासाठी खरात काकू गेल्या, सोबत साहेब. जावई टीव्हीवर त्यांचा फुटबॉल लावून बसायचा. आपला नाही, त्यांचा. चेंडू आंब्याच्या कोयीसारखा दोन्हीकडून टोकदार, आणि खेळतात बहुतेक हातानं. मी एकदा म्हटलं, पाय लागत नाही तर फुटबॉल कशाला म्हणायचं? साहेब म्हणाले, "रमेशभाऊ, नावावर अन् सातबाऱ्यावर भरोसा ठेवायचा न्हाई. जागेवर जाऊन पाहायचं."

तर ते जावयाशेजारी जांभया देत बसले होते. खेळाचा नियम असा की चार डावांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, नाही नेला तर तो समोरच्याला द्यायचा. त्या दिवशी चेंडू अगदी त्या दहा यार्डांच्या हद्दीपाशी पडला, दोन्हीकडचे हमरीतुमरीवर आले. आणि तेवढ्यात काठावरून दोन माणसं काठ्या धरून मैदानात धावत आली. काठ्यांच्या मधे साखळी. त्यांनी ती जमिनीवर ताणली, पंच वाकून बघायला लागला, आणि एवढे आडदांड खेळाडू गप उभे राहिले. खरात साहेब सोफ्यावरून उठून टीव्हीपाशी गेले. जावयाला वाटलं छातीत दुखतंय.

"मोजणी व्हती ती, रमेशभाऊ," हे मला त्यांनी कितीदा सांगितलंय. "दोन्ही पार्ट्या हजर. पंचनामा जागेवर. अन् निकाल लागल्यावर एक माणूस वर अर्ज करत न्हाई. मी सारी नोकरी केली, असा एक बांध पाह्यला न्हाई."

तेव्हापासून त्यांना ह्या खेळाचं वेड. आपल्याकडे तो सोमवारी सकाळी दिसतो. गल्लीत दूधवाले फिरत असतात आणि साहेब टीव्हीपुढे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. ते कोणत्याच संघाचे नाहीत. ते पंचाच्या बाजूचे. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले पंच त्यांना आवाजावरून ओळखू येतात. तिथला पंच चूक दिसली की पिवळा रुमाल फेकतो, आणि मग माईकवर साऱ्या मैदानाला सांगतो, अमुक नंबरच्या खेळाडूनं अमुक नियम मोडला, इतकं मागं व्हा. साहेबांना ह्याचं भारी कौतुक. "नाव घेऊन सांगतो. आपल्याकडं चूक करणाऱ्याचं नाव माईकवर घ्यायची कोणाची बिशाद हाय? इथं माईकवर फक्त सत्कार."

म्हणून ते स्वतःच अशी नावं घ्यायला लागले. लग्नात मुहूर्त टळून गेला आणि पुढाऱ्याचं भाषण चालूच राहिलं, की स्टेजवर चिंचोके आपटायचे. "नियमभंग. पाहुणे, निळं जाकीट. वेळकाढूपणा. पाच पावलं मागं." लोक हसायचे, पुढारी हसल्यासारखं करायचा. काकू दुसऱ्या दिवशी रुमाल धुवायच्या. त्या मला म्हणाल्या, "रमेशभाऊ, लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर भाजी आणतात."

खेळ दाखवणाऱ्यांवर मात्र साहेबांचा राग आहे. जाहिराती फार. "खेळ चटणीएवढा अन् जाहिरात भाकरीएवढी." मधे गाणंबजावणं. शिवाय एक माणूस पडद्यावर रेघोट्या मारून आत्ता आपण काय पाहिलं ते परत सांगतो. त्याला साहेब 'गिरवणारा' म्हणतात. पण खरा घोळ पिवळ्या रेघेचा. टीव्हीवर मैदानात एक पिवळी रेघ दिसते, इथपर्यंत चेंडू न्यायचा म्हणून. पुढे केव्हातरी साहेबांना कळलं की ती जमिनीवर नसतेच, ती फक्त आपल्याला दाखवतात. त्या दिवशी ते दुकानात आले आणि चहाला नको म्हणाले. "जागेवर न्हाई ती रेघ नकाशात दाखवायची, ह्याला आमच्या खात्यात सस्पेंड करतात," म्हणाले.

आणखी एक तक्रार कायमची होती. "साखळी आणतात, ताणतात, सगळं बराबर. पण ती साखळी तपासली कधी, हे कोणी सांगत न्हाई. साखळी वापरून वापरून ताणते, कड्या ढिल्या होतात. आमच्या कचेरीच्या ओट्यावर मापाच्या खुणा व्हत्या. मोजणीला निघायच्या आधी साखळी तिथं लावून पाहायची, मंग गावाला जायचं. हा पहिला नियम." हे ते इतक्यांदा बोलले की माझ्या दुकानातलं मांजरसुद्धा उठून जायचं.

पण साऱ्या खेळात एक नियम त्यांना बिलकुल मंजूर नव्हता. समोरच्यानं चूक केली, दंड लागला, तरी ज्याचं नुकसान झालं तो संघ म्हणू शकतो, नको आम्हाला दंड. राहू द्या. मग पंच माईकवर सांगतो, दंड नाकारला, आणि कमरेपुढे दोन्ही हात आडवे हलवतो, आपण जेवताना वाढप्याला नको नको म्हणतो तसे. साहेबांना हे पटतच नसे. "हे कुठलं शहाणपण? दंड म्हंजे दंड. नाकारायचा कोणाला अधिकार हाय?"

एकदा हेच माझ्या दुकानात घडलं. पेरणीची गर्दी, एक शेतकरी मधेच घुसला. साहेबांचा रुमाल पडला. पण ज्याचा नंबर गेला तोच म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या साहेब. त्याचा बैल बसलाय घरी, त्याला जल्दी हाय." साहेब रुमाल हातात धरून उभे. मी म्हटलं, "नाकारला बघा दंड." ते रुमाल खिशात घालून घरी गेले. दोन दिवस खुर्ची रिकामी होती, आणि मला त्याचं बरं वाटलं असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

मला हा हट्ट नियमांचा वाटायचा. मूळ कुठं आहे ते काकूंनी सांगितलं.

साहेबांना एकच भाऊ, धाकटा, सुदाम. तो गावाकडं शेती करतो. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा साहेबांनी स्वतः मोजणी केली, रविवारी, सुट्टीच्या दिवशी, जुनी साखळी घेऊन. घरात मोजणीदार असताना सरकारी फी कशाला भरायची? आधी आपला वाटा मोजला, हद्दीवर दगड रोवला, उरलं ते सुदामचं. पहिल्या नांगरटीलाच सुदाम म्हणाला, "दादा, दगड माझ्याकडं जरा जास्त आल्यासारखा वाटून राह्यला." बस. साहेबांना ते इतकं लागलं की म्हणाले, "अख्खा तालुका माझ्या मोजणीवर इस्वास ठेवतो, अन् सख्खा भाऊ संशय घेतो." बोलणं तुटलं. दर हिवाळ्यात सुदामच्या शेतात हुरडा व्हायचा, तिथं जाणं थांबलं. बुद्धपौर्णिमेला सुदाम यायचा, तोही थांबला.

"दगडाचं काही न्हाई हो त्यांना," काकू म्हणाल्या. "भाऊ पायजे. पण आधी बोलायचं कोणी, इथं गाडी अडलीय. सोमवारी मॅच संपते ना, तरी टीव्ही बंद करत न्हाईत. शेवटाला दोन्हीकडचे खेळाडू मैदानात येतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. ते आवाज बंद करून पाहत बसतात. मी पोहे गार झाले म्हणून सांगते, तरी उठत न्हाईत."

मग गेल्या मोसमात त्या खेळात मोजणी कॅमेऱ्यानं व्हायला लागली. साखळीवाले अजून काठाला उभे असतात, पण मोजायला त्यांना आत बोलवत नाहीत. साहेब खचले. "काठाला उभं राहायचं, कोणी बोलवायचं न्हाई. आमच्यासारखंच," म्हणाले आणि दुकानात बसून बाहेर बघत राहिले. मी त्यांना चहा दिला. माझ्याकडे दुसरं काय होतं?

त्याच थंडीत नोटीस आली. सुदामला शेततळं खोदायचं होतं, बांधाला लागून, म्हणून त्यानं सरकारी मोजणी मागितली होती. शेजारचे कब्जेदार म्हणून खरात साहेबांनी हजर राहावं. साहेबांनी नोटीस वाचली, घडी घातली, खिशात पिवळ्या रुमालाशेजारी ठेवली. "चला रमेशभाऊ," म्हणाले. "पाहू त्यांचं यंत्र काय म्हणतं ते."

मी मोटरसायकलवर घेऊन गेलो. शेतात सुदाम उभा होता, साहेबांसारखाच उंच, साहेबांसारखंच नाक. "जय भीम, दादा," म्हणाला. साहेब "जय भीम" म्हणाले, पण बांधाकडे बघून.

मोजणीदार आता तरणा पोरगा होता. त्याच्याकडे साखळी नव्हती, काठी होती आणि तिच्या टोकाला बशीएवढं यंत्र. तो इकडून तिकडे फिरला, काठी टेकवली, हातातल्या पडद्यावर पाहिलं, आणि साहेबांच्या दगडापासून साहेबांच्या रानात दोन हात आत येऊन थांबला. तिथं त्यानं चुन्यानं खूण केली. "हद्द इथं येते," म्हणाला. मग त्याला कळलं की हा दगड कोणी रोवला होता, आणि तो चाचरायला लागला. "जुन्या मोजणीत एवढा फरक येतोच, सर."

खरात साहेब वाकले. दगडापासून चुन्यापर्यंत हातानं मोजलं. परत मोजलं. मला वाटलं आता हे यंत्राची सुरुवातीपासून तपासणी मागणार, वर अर्ज करणार, आम्ही इथं संध्याकाळपर्यंत उभे राहणार. सुदामलाही तेच वाटलं असावं. तो हळूच म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे आता, ऊन लागन."

साहेब सरळ झाले. खिशातून पिवळा रुमाल काढला आणि स्वतःच्या पायापाशी टाकला. चिंचोके ढेकळावर वाजले.

"नियमभंग," ते म्हणाले. लग्नात बोलायचे त्याच आवाजात, साऱ्या रानाला ऐकू जाईल असं. "मोठा भाऊ. पांढरा शर्ट. साखळी न तपासता मोजणी केली. रविवार व्हता, कचेरीला कुलूप व्हतं, म्हनलं घरचंच काम हाय, काय तपासायची. ताणलेल्या साखळीनं आधी स्वतःचा वाटा मोजला. तो वाढला, लहान्याचा घटला. लहान्यानं बराबर सांगितल्तं, मोठ्यानं ऐकलं न्हाई." त्यांनी चुन्याच्या खुणेकडे बोट केलं. "दंड. दोन हात मागं."

तरणा मोजणीदार माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, गप राहा म्हणून.

सुदामला ह्या खेळातलं अक्षर माहीत नव्हतं. त्यानं वाकून रुमाल उचलला, माती झटकली, गाठ चाचपली. आतले चिंचोके लागले तसा जरा हसला. मग तो रुमाल भावाच्या शर्टाच्या खिशात परत ठेवला. "नको दादा. दगड हाय तिथंच राहू दे. तळं मी इकडं सरकवतो. दोन हातानं काय मी शेठ होणार व्हतो?"

"असं न्हाई चालत, सुदाम. दंड घ्यावा लागतो. तो तुझा हाय."

"मला न्हाई पायजे," सुदाम म्हणाला. "इतकी वर्सं हुरड्याला तुझी वाट पाह्यली, ते पायजे व्हतं. ज्वारी भरलीय. आज भाजतो. थांब जेवायला."

खरात साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग रानाकडे तोंड केलं, पंच करतो तसे दोन्ही हात कमरेपुढे आणले आणि आडवे हलवले. दंड नाकारला. पंच हे दोनदा करून थांबतो. साहेबांचे हात थांबेचनात. हलतच राहिले, हलतच राहिले, आणि शेवटी सुदामनंच पुढे होऊन ते धरले.