पहिल्या नंबरचा उपास

नाताळचा त्रेचाळीस दिवसांचा उपास ज्या सकाळी लागला, त्याच सकाळी डॉक्टरांनी लबीबला बाहेर बोलावून त्याची बायको इन्साफ गेल्याचं सांगितलं.

आदल्या संध्याकाळी तिने त्याच्याकडे एकच मागणं केलं होतं. "पस्तीस वर्षं तुम्ही माझ्याबरोबर उपास धरलात आणि आठव्या दिवशी अंडं खाऊन सोडलात. यंदाचा एक मनापासून करा. देवासाठी."

तिसऱ्या दिवशी चर्चचे पाद्री अबूना साराबामोन घरी प्रार्थनेला आले, तेव्हा लबीबने त्यांच्यासमोर छाती ठोकली. "अबूना, यंदा दुधाचा थेंब किंवा मटणाचा तुकडा तोंडात गेला तर नाव लावणार नाही."

"तोंडाचं ठीक आहे, लबीब. मनाचं काय?"

"मनही खाणार नाही, अबूना."

इन्साफ दुपार उलटेपर्यंत पाणीही प्यायची नाही. मग वाटीभर उकडलेले वाल आणि भाकरी, एवढंच. लबीबला वाल उकडता येत नव्हते. तो शुब्रा या आपल्या वस्तीच्या चौकातल्या मोठ्या दुकानात गेला. सणाच्या दिव्यांनी दुकान नवरीसारखं नटलं होतं आणि आत उपासाचं चीज, उपासाचं चॉकलेट, उपासाचा केक, एवढंच काय, उपासाचं आइस्क्रीमसुद्धा होतं. कशातच दूध नाही, अंडं नाही.

"न्या काका, पाप लागलं तर आमच्याकडे परत आणा," विक्रेता म्हणाला.

लबीब रोज जायला लागला. घरी 'जेवलात का' असं विचारणारं कुणी नव्हतं. दुकानात चौघे विचारायचे, आणि पाचवा पिशवी भरायचा.

मेहुणी नादराने एकदा फ्रीज उघडला. "भावजी, हा उपास आहे की बारसं?"

"सगळं उपासाचंच आहे. वाच वरती."

"वाचलं. ताईचं सगळ्या उपासाचं खाणं तुमच्या या एका खणात मावलं असतं."

एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, तसं चाललं होतं. महिन्याभरात त्याच्या सुतकाच्या काळ्या कोटाचं बटण लागेना. नादराने सेफ्टी पिन लावून दिली आणि बजावलं, "श्वास बेताने घ्या."

चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये इन्साफच्या नावाची मिस्सा, म्हणजे स्मरणाची प्रार्थना, झाली. मग सगळे घरी आले. काळे कपडे, बिनसाखरेची कॉफी, भिंतीशी इन्साफचा फोटो. अबूना तिच्याबद्दल बोलायला उभे राहिले. "या बाईने कमी घेतलं आणि..."

दारात ढोल वाजला.

लाल अंगरखा घातलेला, कापसाची दाढी लावलेला दुकानाचा बाबा नोएल, म्हणजे नाताळबाबा, आत शिरला. मागे ढोलवाला, त्याच्या मागे फोटोवाला.

"लबीब तावद्रूस कोण? अभिनंदन काका! शुब्रातला पहिल्या नंबरचा उपासवाला! चाळीस दिवसांत उपासाचा माल सगळ्यात जास्त तुम्ही नेलात!"

लबीब काही बोलायच्या आत त्याच्या गळ्यात सोनेरी फीत पडली आणि मांडीवर नऊ किलोची गोठवलेली टर्की. पिन सुटली. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.

मग बाबा नोएलला काळे कपडे दिसले, भिंतीशी ठेवलेला फोटो दिसला. त्याने ढोल थांबवला, दाढी काढून खिशात घातली. "देव तुम्हाला धीर देवो," असं पुटपुटत तो रिकाम्या खुर्चीत बसला. कुणीतरी सवयीने त्याच्याही हातात कडू कॉफी दिली.

नादराने तोंडाला रुमाल लावला. ती हसत होती. थोड्या वेळाने ती हसत नव्हती.

"अबूना," लबीब म्हणाला, "दुधाचा थेंब घेतला नाही. शपथ."

"मला माहीत आहे, बाबा."

"मग ती असती तर काय म्हणाली असती?"

अबूनांनी त्याच्या मांडीवरून टर्की उचलली आणि अनाथाश्रमात पाठवायला बाजूला ठेवली. टर्कीच्या वितळलेल्या बर्फाने लबीबची पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली होती.

सणाला आता तीनच दिवस उरले होते. इन्साफने मागितलेला उपास अजून सुरू व्हायचा होता.