सोजरचं राज्य आणि माझी चंची

आमची मंडळी मला सुखानं घास गिळू देत नव्हती. ताटात पिठलं पडलं की तिचं सुरू व्हायचं. आम्ही दोघं शेवटचं जेवलो तेव्हाही तेच. सकाळपासून तुरी बडवून अंग ठणकत होतं, पोटात कावळे ओरडत होते. तिनं ताटात दुसरी भाकर टाकली आणि म्हणाली, "अवो, एक वेस हाय. पहारेकरी न्हाई, कुलूप न्हाई, कडी न्हाई. दार सताड उघडं. तरी माणसाचा पाय आत पडंना. का?"

माझा घास हातातच राहिला.

"लंगडा असंल."

"न्हाई."

"मग येडा असंल."

ती पदर तोंडाला लावून हसली. "ऱ्हाऊ द्या. लय अवघड झालं हे. जेवा गप."

मी जेवलो. तिनं ताट उचललं. एवढंच.

बायको गेली की लोक ती सुगरण होती, देवभोळी होती असं सांगतात. मी चौथी नापास माणूस, मला गोड लिहिता येत नाही. सोजरच्या भाकरीची कड कच्ची राहायची. देवाला ती हात जोडायची ते आंघोळ झाली म्हणून. तिला वेड होतं एकाच गोष्टीचं, आणि ती गोष्ट आमच्या ताडकळस गावात दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हती. तिच्याकडं एक राज्य होतं.

तागाचं पोतं उसवून तिनं त्यावर रंगीत दोऱ्यानं ते शिवलं होतं. निळी नदी, हिरवं रान, मधी बाजार, आणि तांबड्या दोऱ्याच्या सात वेशी. सातवीच्या पलीकडं राजवाडा. गोधडीला टाका घालायला हिला सवड नसायची, राज्याला असायची. दुपारची कामं आटोपली की पोतं अंगणात पसरायचं. तांब्यात गजगा, बटण, कवडी, चिंचोका टाकायचे. डोळे मिटून हात घालायचा. गजगा आला तो राजा नाहीतर राणी. बटण म्हणजे दिवाण, कवडी म्हणजे व्यापारी, चिंचोका म्हणजे धनगर. मला दरवेळी चिंचोका. एकदा सोंग घेतलं की राजवाडा येईपर्यंत तेच. बोलायचंही तसंच. शेजारची गंगूबाई, जी मला रोज "भाऊजी, चहापत्ती हाय का" विचारायची, ती पोत्यावर बसली की "ए धनगरा, घोडं आन" म्हणायची. आणि मला आणावं लागायचं.

प्रत्येक वेशीवर सोजरचं एक कोडं. ते सुटल्याशिवाय वेस उघडत नाही. कोडी अशी की डोक्याचा भुगा व्हावा. पण तिचे कायदे होते, आणि कायद्याला ती लय कडक. पहिला कायदा, खेळणाऱ्यानं जे बघितलेलंच नाही ते विचारायचं नाही.

तो कायदा कुठून आला ते मला ठाऊक आहे, मी तिथंच उभा होतो. सोजर नवरी होऊन आमच्या दारात आली. माप ओलांडायचं, तर माझी आत्या आडवी. "नाव घेऊन भागायचं न्हाई. सांग, आमच्या घरात चार पायाचं कोण हाय, जे तिनावर उभं ऱ्हातंय?" उत्तर होतं आमच्या बापाची बाज. तिचा एक पाय मोडलेला, खाली वीट लावलेली. आता जी पोरगी अजून उंबऱ्याच्या बाहेर आहे, तिनं आतली बाज कुठून बघावी? बाया हसायला लागल्या. सोजर मान खाली घालून उभी. आत्याला भूक लागली तेव्हा कुठं दार सुटलं. रात्री मी विचारलं, राग आला का? म्हणाली, "कोडं अवघड व्हतं म्हणून न्हाई आला. मला सुटण्याजोगं नव्हतं म्हणून आला."

म्हणून तिच्या कोड्याचं उत्तर कायम पोत्यावरच कुठंतरी ठेवलेलं असायचं. "गाठ मारली तरी टोक भाईर ठेवलंय मी," हे तिचं ठरलेलं बोलणं. "हुडका."

विद्यापीठाच्या नामांतराचं पहिल्यांदा पेटलं तेव्हा एसट्या बंद, बाजार बंद. माणसं एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करायची. पलीकडच्या वस्तीतली पारू आमच्या रानात खुरपायला यायची. ती कुडाच्या बाहेर उभी राहून खेळ बघायची. एका दुपारी सोजर म्हणाली, "पारे, आत ये. घाल हात तांब्यात."

गंगूबाईनं लुगडं आवरून घेतलं. "अगं, ही कशाला? लोक काय म्हणतील?"

"ह्या राज्यात वेशीभाईर कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. कायदा हाय."

"कुणाचा कायदा?"

"पोतं कुणाचं?" सोजर म्हणाली.

पारूच्या हाताला बटण लागलं. दिवाण! म्हणजे राणीच्या मांडीला मांडी लावून बसणं आलं. गंगूबाई तणतणत घरी गेली. पण तिची राणी तिसऱ्या वेशीवर अडकलेली होती आणि तिला चैन पडत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी आपणहून येऊन बसली.

त्या वेशीवरचा पहारेकरी ठार बहिरा. वर माडीवर बसलेला, हाक ऐकू जाईना, दार उघडंना. गंगूबाईनं आधी बोंब मारली. खरीखुरी. गल्लीतली कुत्री जमली. मग म्हणाली, "दगड मारा मेल्याला."

"राजाचा मानूस हाय, फासावर जाताल," सोजर म्हणाली. "टोक हाय भाईर, हुडका."

पारू पोत्याकडं बघत बसली होती. हळूच म्हणाली, "राणीसाहेब, तुमाला बाजारात आरसा भेटला व्हता न्हवं? आताच उन्हं हायेत. मारा कवडसा त्याच्या डोळ्यावर."

गंगूबाई आरसा मिळाल्यापासून त्यात नुसती तोंडच बघत होती. तिनं पारूच्या पाठीत असा धपाटा घातला की पारू नदीत पडायची राहिली. "अगं, दिवाण हाईस का कोण हाईस!" त्या दिवसापासून दोघींचा चहा एकाच पातेल्यात. गावात कोण काय म्हणालं ते मला ठाऊक आहे, पण ते मी लिहीत नाही. त्यांना पोत्यावर जागा नव्हती.

दुसरा कायदा माझ्यासारख्यांसाठी. कोडं सुटलंच नाही तर जकात भरायची. आपल्या सोंगाजवळचं काहीतरी वेशीवर ठेवायचं आणि पुढं जायचं. वाट कुणाचीच अडायची नाही. मला आयुष्यात एकही कोडं सुटलं नाही. पहिल्या वेशीवर मेंढरं गेली, दुसऱ्या वेशीवर कुत्रं, मग घोंगडं, काठी, धोतर. गंगूबाई म्हणायची, "भाऊजी, लंगोटी तरी ऱ्हाऊ द्या, राजवाड्यात बायामानसं हायेत." पण धनगराच्या कमरेला एक चंची होती, पान-तंबाखूची. ती मी कधी दिली नाही. सोजर मुद्दाम मागायची. "चंची ठिवा अन जावा." मी म्हणायचो, "राज्य गेलं खड्ड्यात, चंची मिळायची न्हाई." खेळातली नाही आणि कमरेची नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यातली गोष्ट. पारूनं सगळ्यांच्या तोंडात साखर घातली, सोजरच्या तोंडात दोनदा. नवा डाव मांडला होता, आणि दर डावाला वेशी नव्यानं शिवायच्या. कोडं सुचलं की सोजर वेस शिवायची, फसलं की उसवायची. सहा वेशी झाल्या होत्या, सातवी चालली होती. आणि मग ते जेवण, जे वर सांगितलं. तिन्हीसांजेला तिच्या छातीत कळ आली. जीप येईपर्यंत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पोचवून, आंघोळ करून परत आलो. माणसं आपापल्या घरी गेली. मी दारात आलो. दार सताड उघडं. आत तिच्या जागेवर दिवा ठेवलेला. आणि माझा पाय उचलंना.

गंगूबाई आणि पारू पिठलं-भाकरी घेऊन अंगणात उभ्या होत्या.

"भाऊजी, आत चला."

"गंगूबाई," मी म्हणलं, "ही वेस तिनं मला काल घातली व्हती. कुलूप न्हाई, कडी न्हाई, तरी मानूस आत जाईना."

गंगूबाईनं डोळे पुसले. "तुमचा घास हातात ऱ्हायला व्हता का?"

"व्हय. तुमाला कसं ठाव?"

"अवो, तोच तिचा तराजूचा काटा व्हता. हरेक कोडं आदी तुमच्या ताटापाशी. तुमी चिडला तर कोडं बराबर. घास हातात ऱ्हायला तर ती वेस उसवायची. म्हनायची, आमच्या मानसाची भाकर गार व्हईल असलं कोडं मला नगं."

इतकी वर्षं मला वाटायचं, बाई नुसती बडबड करती.

मी तसाच उभा. कोड्याचं उत्तर मला आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. आत वाट बघणारं कुणी नाही, एवढंच ते उत्तर. पण ते तोंडानं बोलवंना.

पारू म्हणाली, "दादा, उत्तर देता येत न्हाई न? मग जकात द्या. उभं ऱ्हायचं न्हाई. कायदा हाय."

मी कमरेला हात घातला. चंची काढली, उंबऱ्यावर ठेवली, आणि आत गेलो.

देवाचे मी फारसे आभार मानत नाही, त्यानं शेवटी केलं ते केलं. पण माझ्यासारख्या मठ्ठाला पुढं जाता यावं म्हणून जिनं कायदा काढला, तिचं देणं मी मानतो.

सकाळी उठलो. चंची उंबऱ्यावरच होती. तिला हात लावला नाही. खुंटीवरचं पोतं काढलं, झाडलं. सातव्या वेशीचा तांबडा दोरा अर्धा उसवलेला होता, सुई तशीच खोचलेली. म्हणजे मी जेवून उठल्यावर ती उसवायला बसली होती. उरलेला दोरा मी ओढून काढला. पोतं अंगणात पसरलं. गजगा, बटण जिथल्या तिथं मांडलं, जकात भरून झाली होती म्हणून माझा चिंचोका राजवाड्यात ठेवला.

कुडापाशी पारू खुरपं घेऊन थांबली होती. आज आत यावं का नाही, असं तिच्या तोंडावर.

"उभी का ऱ्हायलीस?" मी म्हणलं. "ये आत. अन जाता जाता राणीसाहेबाला हाक मार."